मावशीचे बारा नमुने

मावशीचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. मातीच्या त्या प्रयोगशाळेत मोठ्या साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. म्हणत नसत ते फक्त वर्कशॉपमधले मिस्त्री. "ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माझी मावशी कशी होईल?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. ते तिला नुसतं 'बाई' म्हणत.

मावशीला आभार मानायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण तिला काही धरबंध नव्हता. कुणी दार धरलं, आभार. कुणी बादलीला हात लावला, आभार. वजनकाट्याचा आकडा पहिल्या झटक्यात स्थिर झाला तर काट्याचेसुद्धा आभार. एकदा लिफ्टमधून बाहेर पडताना ती लिफ्टलाच "येते हं" म्हणाली. मागे उभ्या असलेल्या कारकुनाने ते ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितलं. लोक पोट धरून हसले. मावशीही हसली आणि कारकुनाला म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, सगळ्यांची करमणूक झाली." आता असल्या बाईची चेष्टा तरी किती करणार? दोन दिवसांत लोकांनी नाद सोडला.

ती कामाला लागली तेव्हा फरशी पुसायला लागली होती. वीस वर्षं झाली त्याला. प्रयोगशाळेची फरशी म्हणजे साधी फरशी नव्हे. दिवसभर पोती येत, माती चाळली जाई, कुटली जाई, पाण्यात कालवली जाई, आणि त्यातली निम्मी संध्याकाळी जमिनीवर असे. मावशी ती गोळा करी आणि जाता जाता चाळण्याही धुऊन ठेवी. चाळणी धुणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, म्हणून ते कुणीच करत नसे. बारीक जाळीत अडकलेले कण ती मऊ ब्रशने उलट बाजूने काढायची, एकही तार न वाकवता. त्या चाळण्या दुरुस्तीला मिस्त्रींकडे जात. तीन महिने एकही चाळणी आली नाही तेव्हा ते स्वतः वर चढून आले. चाळणी उजेडासमोर धरून त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "हे कोण करतं?"

मावशीला वाटलं, नको तिथे हात घातला, आता जाते नोकरी.

मिस्त्री थेट साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "त्या बाईच्या हातात झाडू देणं म्हणजे मायक्रोमीटरने खिळा ठोकणं आहे." मिस्त्रींचा शब्द त्या इमारतीत खाली पडत नसे. महिन्याभरात मावशी नमुने भरायला बसली. दहा वर्षं ती रस्त्याखालच्या आणि इमारतीखालच्या मातीचे नमुने भरत होती. त्यानंतर शाळेत अपुरं राहिलेलं शिक्षण तिने पुरं केलं आणि मदतनीस म्हणून कायम झाली. या सगळ्याबद्दल तिने मिस्त्रींचे इतके वेळा आभार मानले की ते तिला लांबून पाहिलं की लेथ सुरू करत. लेथच्या आवाजात आभार ऐकू येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे असं चाललेलं असताना प्रयोगशाळेत अंतराळाचं काम आलं.

ते काम आणणाऱ्या मॅडम वयाने मावशीच्या मुलीएवढ्या होत्या, पण मोठा अभ्यास करून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीला शेजारी बसवून काम समजावलं. "आपल्या इथे वाळूच्या प्रत्येक कणावर वरच्या सगळ्या कणांचं ओझं असतं," त्या म्हणाल्या, "त्यामुळे नुसती वाळू, ओझ्याशिवायची, कशी वागते ते आपल्याला कधी बघताच येत नाही. वर, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात, वजनच लागत नाही. तिथे कुणाचा भार कुणावर नाही. तिथे ती हळूच दाबायची आणि बघायचं, किती सोसते ते. भूकंपात जमीन अचानक का खचते, ते त्यातून कळेल."

मावशीने जरा विचार केला. "म्हणजे सासू-सून वेगळ्या राहिल्या की मग कळतं कोण कशी आहे, तसं."

"अगदी तसं," मॅडम म्हणाल्या, आणि ते आपल्या वहीत लिहूनही घेतलं.

नमुना म्हणजे वाळूचा एक खांब. पाण्याच्या मोठ्या पेल्याएवढा रुंद आणि वीतभर उंच. अट एकच, पण ती जीव खाणारी: वाळू वरपासून खालपर्यंत, मधोमध आणि कडेला, एकसारखी बसलेली हवी. कुठे दाट, कुठे सैल असं चालायचं नाही. कारण तसं असेल तर दाबल्यावर खांब सैल जागी फुगणार, आणि मग वाळूचा स्वभाव कळायच्या ऐवजी भरणाऱ्याचाच स्वभाव कळणार. ज्याला हे सोपं वाटत असेल त्याने एक पेला वाळू ओतून बघावी. ओतली की तिचा ढीग होतो, ढिगावरून मोठे कण घरंगळून कडेला जातात, बारीक मधे बसतात. हलवून सारखी करायला जाल तर खाली घट्ट आणि वर पोकळ.

म्हणून वाळू ओतायची नसते, तिचा पाऊस पाडायचा असतो. दोन भागांत उघडणारा धातूचा साचा. त्याच्या आत पातळ रबरी नळी, हवा ओढून साच्याच्या भिंतीला चिकटवलेली. साच्यावर मिस्त्रींनी बनवलेलं यंत्र: टेबलाला पक्का बसवलेला एक उभा खांब, त्यावर वरखाली सरकणारं नरसाळं, नरसाळ्याखाली दोन चाळण्या. वाळूची बारीक धार चाळण्यांवर पडून फुटते आणि साच्यात झिमझिम पडते. पडायची उंची मात्र बदलता कामा नये. उंची वाढली की कण जोरात येऊन घट्ट बसतात, कमी झाली की सैल. आत वाळू चढेल तसं नरसाळंही तेवढंच वर घ्यायचं, मुठीने चाक फिरवत, वीस मिनिटं, न थांबता आणि न घाई करता. मग वरचं झाकण, मग आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की साचा उघडला तरी वाळू रबराच्या अंगरख्यात ताठ उभी राहते. ती तशी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मावशीने मॅडमचे, मिस्त्रींचे, पंपाचे आणि वाळूचे आभार मानले.

मॅडमकडे मोठमोठ्या पदव्या घेतलेले दोन सहायक होते. त्यांनीही भरून पाहिलं. एकाचा हात घाईचा, दुसरा चाक फिरवता फिरवता विचारात पडायचा. मावशीचे नमुने सगळ्यांत चांगले उतरले, आणि अंतराळात जाणारे बारा नमुने मावशीने भरावेत असं मॅडमनी ठरवलं. वरच्या कचेरीच्या ते पचनी पडेना. झाडूवाली म्हणून लागलेली बाई, आणि यानात जाणारं काम? महिनाभर पत्रं गेली-आली. शेवटी कचेरीने होकार दिला तो अटीवर: भरणाऱ्याच्या हातून दोष झाल्याचं आढळल्यास काम तत्काळ पदवीधर सहायकांकडे द्यावं. ते पत्र मॅडमच्या भिंतीवर लावलेलं होतं आणि सगळ्यांनी वाचलं होतं. मिस्त्रींनीही.

आणि दोष निघाला.

नमुने भरले की त्यांचं स्कॅन होई, इस्पितळात माणसांचं होतं तसंच. पडद्यावर वाळूचा आडवा-उभा काप दिसे, दाट जागा उजळ, सैल जागा काळपट. पहिल्या चार नमुन्यांत वरच्या टोकाला, उजव्या कडेला, अंगठ्याएवढा उजळ डाग होता. मॅडमनी चारही बाद केले. पुढच्या चारांत तोच डाग, त्याच जागी. त्याच्या पुढच्या तिनांतही. अकरा नमुने बाद, तीन आठवडे पाण्यात. द्यायची तारीख महिन्यावर आली होती. ती हुकली तर यानातली जागा दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाला जाणार होती.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती आणखी सावकाश भरू लागली, आणखी मन लावून. डाग जाईना.

"नेहमी एकाच बाजूला आहे," मॅडम म्हणाल्या. "यंत्राचा खांब केसभर कललेला असेल तर वाळू त्या बाजूला जास्त पडेल. मिस्त्रींना विचारायला हवं."

मावशी मनात म्हणाली, आता बघायला नको. कारण मिस्त्रींच्या नाकावर माशी बसत नसे. तीस-पस्तीस वर्षांत आपलं काम चुकलं असं ते एकदाही म्हणाले नव्हते, आणि खरं म्हणजे तशी वेळही आली नव्हती. एका साहेबाने त्यांच्या मापात खोट काढली होती तेव्हा त्यांनी साहेबाची पट्टीच चुकीची आहे हे सिद्ध करून ती पट्टी मोडून त्याच्या हातात दिली होती.

मॅडमनी डागांची चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. "अकराही एकाच बाजूला?"

"हो."

"मला एकदा भरताना बघू द्या."

दुसऱ्या दिवशी ते वर आले. आत आले नाहीत, दारातच हाताची घडी घालून उभे राहिले. मावशीने एक नमुना पहिल्यापासून शेवटपर्यंत भरला. मग मिस्त्री मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "खांबच कलला असणार. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. माझ्याकडून चुकलं. चार दिवस द्या, दुरुस्त करून आणतो."

मॅडमनी नोंदवहीत लाल शाईने लिहिलं: दोषाचं कारण, खांब ओळंब्यात नाही, वर्कशॉपची चूक. मिस्त्रींनी यंत्र सोडवलं, काखेत मारलं आणि जिना उतरून गेले. त्यांच्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते.

मावशीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते काही वाटेना. शेवटच्या महिन्यात त्या माणसाच्या नावावर लाल शाई लागली, आणि तीही आपल्याच कामावरून, हे तिला लागून राहिलं.

मावशीचा नवरा घड्याळजी होता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून तो घड्याळांच्या पोटात बघत असे आणि कान मात्र घरभर फिरत असत. त्या संध्याकाळी मावशी आत साखरेचं पाकीट फोडून डबा भरत होती आणि मिस्त्रींची हकीकत सांगत होती.

"झाली साखर भरून?" त्याने मान वर न करता विचारलं.

"झाली. तुम्हाला कसं कळलं?"

"टकटक झालं ना."

"कसलं टकटक?"

"अगं, डबा भरला की तू कडेवर दोन बोटांनी दोनदा मारतेस. तीस वर्षं ऐकतोय. टकटक झालं की समजायचं, काम झालं, आता चहा मागायला हरकत नाही."

"मी? काहीतरीच काय. मी कशाला मारेन?"

"मग मिठाचा डबा भर बघू."

मावशीने मिठाचा डबा काढला. आता मुद्दाम लक्ष ठेवून भरायचं असं ठरवून तिने मीठ ओतायला सुरुवात केली, आणि ओतता ओतता नवऱ्याशी वाद घालायचंही चालूच ठेवलं, की आपल्याला असली काही सवय नाही, भरणं हा तर आपला धंदा, असती तर आपल्याला कळली नसती का. टक टक.

नवऱ्याने भिंगसुद्धा काढलं नाही. "बघ," तो म्हणाला.

मावशी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. कडेला चिकटलेले दाणे आत पडावेत म्हणून लहानपणी कधीतरी लागलेली सवय. रस्त्याच्या मातीच्या नमुन्यांना दहा वर्षं कधी तिचा त्रास झाला नाही, कारण ती माती साच्यात हातोड्याने ठोकूनच भरत. तिथे दोन बोटांना कोण विचारतो! पण अंतराळाची वाळू मुद्दाम सैल भरलेली. तिला एवढी टकटक पुरे होती. साच्याच्या उजव्या कडेला, वरच्या टोकाला, अंगठ्याएवढी जागा. काखेत कळसा आणि तीन आठवडे गावाला वळसा! आणि त्यात चोर सोडून संन्याशाला सुळी.

तिला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं, "सांगणार?"

"सांगितलं तर काम जाईल. पत्रच आहे तसं."

"आणि नाही सांगितलं तर?"

मावशीला ते काम हवं होतं. वीस वर्षांत तिने कशाचा हट्ट धरला नव्हता, पण हे बारा नमुने तिला आपल्या हाताने भरायचे होते. ताट नवऱ्यानेच उचललं.

सकाळी इमारत उघडताच ती आधी वर्कशॉपमध्ये गेली. आधी मिस्त्रींना सांगायचं, मग मॅडमना, असं तिने ठरवलं होतं. मिस्त्री लेथवर वाकलेले होते. यंत्राचा खांब कोपऱ्यात भिंतीशी फडक्यात गुंडाळून उभा होता. त्याचे स्क्रू काडेपेटीत, पेटीला दोरा बांधलेला. वर ओळंबा टांगलेला आणि त्यामागे भिंतीवर खडूने मिस्त्रींच्या अक्षरात लिहिलेलं: कल शून्य. मापण्यापलीकडे खांबाला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. लेथवर होती ती ॲल्युमिनियमची एक रुंद कडी, टोपीच्या कडेसारखी पसरट.

"हे काय करताय?"

मिस्त्रींनी लेथ चालूच ठेवली. मावशीने हात पुढे करून बटण बंद केलं. अशी हिंमत त्या इमारतीत आजवर कुणी केली नव्हती.

"साच्याभोवती बसवायची झालर," मिस्त्री म्हणाले.

शेजारी टेबलावर एक तयार कडी होती, तीन पायांवर उभी, आणि तिच्या मधोमध साचा, कडीला कुठेही न टेकता. मावशीने साचा भरल्यासारखं केलं आणि हाताला जे करायचं ते करू दिलं. दोन बोटं खाली आली ती कडीवर, साच्यापासून चांगली चार बोटं लांब. साचा जरासुद्धा हलला नाही.

तिच्या सगळं ध्यानात आलं. "तुम्हाला दारातून दिसलं होतं."

"बारीक दिसत नाही म्हणालो मी. एवढं मोठं दिसतं अजून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुझं काम त्या दोघा पदवीवाल्यांना दिलं असतं आणि त्यांनी आणखी अकरा नमुने घालवले असते. माझं काय जाणार होतं? मी पिकलं पान. वीस दिवसांनी आपणहून गळतोय."

"तुमच्या नावावर लाल शाईने लिहिलंय, मिस्त्री!"

"वह्या कोण वाचतं?" ते म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

लिफ्टला येते हं म्हणणाऱ्या त्या बाईला त्या क्षणी आभाराचा एक शब्द सापडला नाही. या माणसाने आपल्याला झाडूवरून उचलून इथवर आणलं, आणि आता जाताना अब्रूसुद्धा आपल्यासाठी टाकून चाललाय, आणि आपल्याला सांगणारही नव्हता. तिला रडू आलं आणि रागही आला. आधी राग बाहेर पडला. "मी तुमचे आभार मानणार नाही," ती म्हणाली.

"अरे वा. सुधारणा आहे."

"आणि आता मॅडमकडे चाललेय."

"बाई, थांब. अगं, ऐक जरा..." पण मावशी जिन्यावर पोचली होती.

मॅडमनी सगळं ऐकलं. मग खुर्चीवरून उठून म्हणाल्या, "खांब आहे तसाच वर आणा. आत्ता." दुपारपर्यंत मावशीने त्याच खांबाखाली दोन नमुने भरले, एक टकटक करून आणि एक डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून. संध्याकाळी पडद्यावर दोघे शेजारी शेजारी आले. एकाला डाग, दुसरा वरपासून खालपर्यंत एकसारखा, जरासुद्धा उणा-अधिक नाही. इतका स्वच्छ नमुना मॅडमनीही कधी पाहिला नव्हता. त्या ती दोन चित्रं घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या.

मावशी बाहेरच्या बाकावर बसली. थोड्या वेळाने मिस्त्री येऊन बसले, हात पुसत.

"गेलं ना काम," ते म्हणाले. "कशाला गेलीस सांगायला? इतका खटाटोप केला मी."

"काम गेलं तर फरशी पुसेन. ती मला येते. तुमच्या नावावर खोट ठेवून वर बसायला नाही येत."

मावशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मिस्त्री, तुमच्यासारखं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. माझ्या बापानेसुद्धा नाही. लेथ इथे नाहीये, म्हणून सांगून घेते."

मिस्त्रींनी हात पुन्हा पुसले, आणि ते स्वच्छच होते.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या आणि मधल्या जागेत टेकल्या. "साहेबांनी विचारलं, ज्या बाईच्या हातून चूक झाली तिच्याच हाती पुन्हा काम द्यायचं? मी म्हटलं, चूक कुणाच्याही हातून होईल, पण ती स्वतः शोधून सांगायला येणारी दुसरी व्यक्ती मला दाखवा. ते दोघे सहायक आलेच असते याची मला खात्री नाही. माझी स्वतःचीही नाही." मग त्यांनी नोंदवही पुढे केली. "कचेरीला मी कळवते. काम तुमच्याकडेच. पण ही ओळ तुम्हीच खोडा आणि खाली खरं लिहा, तुमच्या अक्षरात."

मावशीचं अक्षर सावकाशीचं. तिने लाल ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं: खांब बरोबर आहे. यंत्रात दोष नाही. साच्यावर बोटं मारल्यामुळे डाग. मग सही केली. मिस्त्रींनी ते तिच्या खांद्यावरून वाचलं आणि चष्मा विसरल्याचं निमित्त करून पुन्हा एकदा वाचायला मागितलं.

बारा नमुने अकरा दिवसांत भरून झाले. मिस्त्रींची झालर वापरली, कारण जित्याची खोड. प्रत्येक वेळी शेवटी दोन बोटं झालरीवर पडतच. बाराही स्वच्छ उतरले. तारखेच्या दोन दिवस आधी पेट्या गेल्या. मिस्त्री त्या आधीच निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी साहेबांनी लांबलचक भाषण केलं, आणि मिस्त्रींनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं की लेथला आठवड्यातून एकदा तेल द्या.

आठ महिन्यांनी वरचं चित्रण आलं. मॅडमनी मिस्त्रींना घरून बोलावून घेतलं. पडद्यासमोर तिघं बसली, मिस्त्री मधे, गुडघ्यांवर हात ठेवून.

आधी नुसताच अंधार. मग उजेड लागला आणि यानातल्या काचेच्या पेटीत तो दिसला: मावशीने भरलेला वाळूचा वीतभर खांब, रबरी अंगरख्यात, अंगरख्यावर आडव्या काळ्या रेघा. वरून तबकडी हळूहळू खाली यायला लागली. इतकी हळू की आधी काही होतंय हे कळतच नव्हतं. मग रेघा जवळ येऊ लागल्या. कमजोर जागा असती तर ती आता फुगली असती, खांब एका बाजूला झुकला असता, रेघा तिरक्या झाल्या असत्या. खांब सगळीकडून सारखा, अगदी सावकाश, रुंद होत गेला. एकही रेघ कलली नाही. तबकडी थांबली तेव्हा तो पहिल्यापेक्षा बुटका झाला होता, आणि तरीही सरळ उभा होता.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"पुन्हा लावा," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा लावलं. मिस्त्री पुढे सरकून बसले, नाक पडद्याला लागेल इतके. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "मिस्त्री," ती म्हणाली, "हे तुमच्यामुळे..."

"गप, बाई," मिस्त्री म्हणाले. "बघू दे."